सिलाई मशीन, हरी, एक नग

मी बोलतेय. खिडकीपाशी बसलेली, काळी कुळकुळीत, अंगावर सोनेरी वेलबुट्टी असलेली ही शिवणाची मशीन. माझ्या गळ्यात सुतळीने बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी दिसते ना? वाचा. ‘सिलाई मशीन, हरी, एक नग.’ खाली उज्जैनच्या एका ठाण्याचा शिक्का. म्हणजे चोरीचा माल. ब्लाउज टाकायला नवीन बाई आली की चिठ्ठी बघून दचकते आणि म्हणते, "अहो अनसूयाताई, काढून टाका ना ती आता." अनसूया सुईत दोरा ओवता ओवता सांगते, "राहू द्या. दागिना आहे तिचा."

चिठ्ठीवर ‘हरी’ लिहिलंय, पण मी हिरवी नाही, हे आधीच सांगून टाकते. हिरवा रंग मला फासला गेला. कोणी फासला आणि कशासाठी, तेच सांगायचंय. ऐकायचं असेल तर बसा, नाहीतर माप देऊन निघा.

माझा जन्म कोलकात्याच्या कारखान्यात, अडुसष्ट साली. उज्जैन स्टेशनवर उतरले ती थेट बापूंच्या हातात. बापू रेल्वेच्या पार्सल ऑफिसात होते. त्यांना एकच मुलगी, अनसूया. मुलगा नाही. तिच्या लग्नात द्यायची म्हणून त्यांनी मला मागवलं होतं, आणि पेटी उघडली तेव्हा त्यांचा चेहरा असा झाला की जणू मलाच सासरी पाठवायचं आहे.

लग्नघरात तेव्हा भांड्यांवर नावं घालणारा बसला होता. तांबे, पराती, डबे, सगळ्यांवर तो टकटक करत अनसूयाचं नाव टोचत होता. बापूंनी मलाही त्याच्यापुढे नेलं. अक्का, म्हणजे अनसूयाची आई, आतून धावत आली. "इतक्या देखण्या वस्तूवर टोचे? अजिबात नाही!" अक्का वळली, तसा बापूंनी स्क्रू-ड्रायव्हर काढला. माझ्या पाठीला एक गोल चकती असते, एकाच स्क्रूवर बसलेली. ती काढून त्यांनी तिच्या आतल्या बाजूला नाव घालून घेतलं आणि पुन्हा घट्ट बसवली. मला म्हणाले, "कुणाला बोलायचं नाही. मी सांगीन तिला, मौका बघून."

मौका आलाच नाही. दीड वर्षात बापू ऑफिसातच छाती धरून बसले ते उठले नाहीत. ते नाव माझ्या पाठीत राहिलं, आणि मला तोंड होतं कुठे?

अनसूयाला भाऊ नव्हता. ज्या बाईला भाऊ नाही तिने भाऊबीजेला चंद्राला ओवाळायचं, अशी आपल्याकडे रीत आहे. दरवर्षी संध्याकाळी ती अंगणात पाट मांडायची, निरांजन लावायची आणि त्या कोरीएवढ्या चंद्राला ओवाळायची. मी खिडकीतून बघत असे. चंद्र बिचारा काही द्यायचा नाही, मागायचाही नाही.

तिचा नवरा अनिल कापडाच्या गिरणीत टाइमकीपर होता. सज्जन माणूस, घड्याळासारखा. मग गिरण्या बंद पडायला लागल्या. एक दिवस सकाळचा भोंगा वाजलाच नाही. अनिल मात्र त्याच वेळेला उठून, दाढी करून, शर्ट घालून ओट्यावर बसायचा. किती महिने बसत होता, विचारू नका. घर त्या दिवसापासून माझ्या चाकावर चालायला लागलं. ते मी अभिमानाने सांगते.

अनसूयाच्या दोन मैत्रिणी. शेजारची सुलभा, तिचा नवरा सुरतेला काम बघायला गेला तो तिकडचाच झाला. आणि रेशमबाई, त्याच गिरणीतल्या मागवाल्याची बायको, माळव्याची, आवाज असा की टावर चौकात बोलली तर स्टेशनवर कळावं. सकाळी ती ठेल्यावर भाजी विकायची, दुपारी परकर शिवायची. तिघी कडू दिवस वाटून खात होत्या. साखर एकीकडची, चहाची पत्ती दुसरीकडची, दूध असलं तर तिसरीकडचं.

त्यात आले भय्यासाहेब. त्यांच्या घराण्यातल्या कुणीतरी दोनशे वर्षांपूर्वी दरबाराचं दफ्तर सांभाळलं होतं, आणि ते भय्यासाहेब चहा पितानासुद्धा आठवण करून देत. गणेशोत्सवात पहिली खुर्ची त्यांची. ब्याण्णवच्या सिंहस्थाआधी त्यांनी फ्रीगंजमधल्या आपल्या गोदामात महिलांची संस्था काढली. "जागा माझी, लाइट माझी, मशीन तुमची. काम मी आणीन." अकरा बायका आपापली मशीन घेऊन गेल्या. मीही गेले. साधूंच्या झोळ्या, मंडपाच्या झालरी, भगवे पंचे. आम्ही अकराजणी एकदम चालायचो तेव्हा गोदामाचा पत्रा थरथरायचा. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस होते, खोटं कशाला बोलू?

त्र्याण्णवच्या भाऊबीजेला अनसूया कामावरून लवकर निघाली. भय्यासाहेबांनी विचारलं, "कुठे एवढी घाई?" ती लाजत म्हणाली, "चंद्राला ओवाळायचंय." भय्यासाहेब म्हणाले, "अनसूया, मी असताना चंद्राला कशाला? तुम्हा अकराही जणींचा भाऊ समजा मला."

अनसूयाच्या डोळ्यांत पाणी आलं. मी पाहिलं ते. इतकी वर्षं ती वर बघत ओवाळत आली होती. आता समोर कुणीतरी पाटावर बसणार होतं.

गोदामातच पाट मांडला. अकरा जणींनी ओवाळलं. प्रत्येकीला एक साडी मिळाली, अनसूयाला आकाशी. आणि निरांजन अजून जळत असताना त्यांचा मुनीम विष्णू कागद घेऊन आला. "ताई, ये जरा साइन कर दो, संस्था का फॉर्म है." अकराजणींमधल्या कुणीही तो वाचला नाही. सुलभा तर बी.ए. होती! पण भावाला ओवाळून लगेच त्याचा कागद वाचायला घ्यायचा? आपल्या घरात असं करतं का कुणी? अनसूयाने कुंकवाच्या बोटांनीच पेन धरलं आणि सही केली. सहीशेजारी अंगठ्याचा लाल डाग उमटला.

पुढच्याच आठवड्यात यज्ञेश्वर आला. हा मशीनचा मेकॅनिक, भय्यासाहेबांच्या पगारावर. "सगळ्या एकसारख्या दिसल्या पाहिजेत, मोठे साहेब बघायला येणार आहेत," असं बायकांना सांगितलं गेलं. यज्ञेश्वरने तेल घालायला माझी पाठ उघडली. चकती हातात घेतली. वाचली. इकडेतिकडे बघितलं, चकती परत लावली आणि स्क्रू जरा जास्तच आवळला. मग ब्रश घेतला आणि माझ्या काळ्या अंगावर, बापूंच्या आवडत्या सोनेरी वेलबुट्टीवर, हिरवा रंग फासला. वर पांढऱ्या अक्षरात नंबर घातला, सात. त्या दिवसापासून माझं गुपित जाणणारा एक जिवंत माणूस या गावात होता, आणि तो माझ्याशी नजर मिळवत नव्हता.

अडीच वर्षं गेली. दुकानांत लुधियानाचे आणि दिल्लीचे तयार कपडे लटकायला लागले. शाळांच्या गणवेशाचं काम इंदूरच्या मोठ्या कारखान्याने उचललं. घराघरांत रंगीत टी.व्ही. आले, आणि ते विकायला शोरूम पाहिजेत, आणि शोरूमला फ्रीगंजमध्ये जागा पाहिजे. एका सकाळी बायका आल्या तर दाराला कुलूप. आम्ही आत, त्या बाहेर.

त्या बंगल्यावर गेल्या. भय्यासाहेबांनी चहा दिला. चहाला ते कधी चुकत नसत. मग तो कागद पुढे केला. त्यावर लिहिलं होतं की संस्थेने सरकारी कर्ज घेऊन अकरा नवीन मशीनी विकत घेतल्या आणि या बायकांना वापरायला दिल्या. नवीन! खाली अकरा सह्या.

"मशीनी संस्थेच्या आहेत," भय्यासाहेब म्हणाले. "मी काय करू? कायदा आहे."

ठाण्यातही त्या गेल्या. तिथल्या हवालदार-दिवाणजीने कागद पाहिला आणि मान हलवली. "इसमें तो उन्हीं की लिखी है, बाई."

तीन महिने मी अंधारात भिंतीकडे तोंड करून बसले होते. तिकडे घरी काय चाललं होतं ते मला नंतर कळलं. शिवताना बायका सगळं बोलतात. अनसूया हाताने फॉल-बीडिंग करून बोटांना भोकं पाडून घेत होती. अनिलची सायकल गेली. सुलभाकडे दोनदा नुसत्या भाताच्या पेजेवर दिवस निघाला. रेशमबाईचा आवाज खाली आला, तेव्हा मैत्रिणी खऱ्या घाबरल्या.

आणि श्रावणातल्या एका रविवारी रेशमबाईच्या ठेल्यावर टमाटे निवडता निवडता विष्णू बोलून गेला: मंगळवारी इंदूरहून टेम्पो येणार, अकराही मशीनी विकल्या.

अनसूयाच्या स्वयंपाकघरात तिघी बसल्या. सुलभा रडत म्हणाली, "आता काय करायचं गं? संपलं सगळं."

अनसूया म्हणाली, "उद्या सोमवार. महाकालाच्या पालखीची सवारी. सगळं गाव तिकडे असेल, भय्यासाहेब रामघाटावर स्वागताला असतील. गोदामात विष्णू एकटा."

"म्हणजे चोरी?"

"म्हारी मशीन, ने चोरी कईं की?" रेशमबाई म्हणाली. आपल्याच मशीनची चोरी कसली, हे विचारताना तिचा आवाज परत आला होता.

सोमवारी भर दुपारी दार वाजलं. "विष्णू भैया, सवारी का परसाद!" सवारी चुकली म्हणून विष्णू आधीच कुरकुरत होता, धावत येऊन त्याने दार उघडलं. समोर सुलभा, हातात कापड कापायची मोठी कात्री, टोक त्याच्या पोटाकडे. तिघींनी नाकापर्यंत पदर बांधला होता, आणि सुलभाने भीतीने डोळेही मिटून घेतले होते. विष्णूने दोन्ही हात वर केले. त्याला मोरीत घालून बाहेरून कडी लावली. आतून केविलवाणा आवाज आला, "भूक लगी तो?" रेशमबाईने कडी काढून त्याला एक भाजलेलं कणीस दिलं आणि परत कडी लावली.

आमच्या खोलीच्या कुलपाची किल्ली बंगल्यावर होती. अनसूयाने पिशवीतून वरवंटा काढला. तीन घाव. मी आतून मोजत होते. तिसऱ्याला कुलूप खाली पडलं आणि तीन महिन्यांनी माझ्यावर उजेड पडला. तिने माझ्या चाकावर हात ठेवला.

आम्हाला काढायला वेळ लागत नाही. पट्टा सोडायचा, दोन स्क्रू ढिले करायचे, की डोकं हातात येतं. पाय मागे राहतात. तीन डोकी ठेल्यावर गेली. रेशमबाई घाई करत होती, "चलो, चलो बाई!" अनसूया मात्र दारात थांबली. उरलेल्या आठ जणी भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"आपण तिघींच्या नेल्या तर उद्या ह्या आठ जातील," ती म्हणाली.

"अगं, आपण पकडल्या जाऊ!" सुलभा म्हणाली.

"तीनला पकडतील, अकराला पण पकडतील. उचल."

उचलल्या. सगळ्या. वर पोती, आणि पोत्यांवर मक्याच्या कणसांचा ढीग. निघता निघता अनसूयाने पिशवीतून ती आकाशी साडी काढली, घडी नीट केली आणि भय्यासाहेबांच्या खुर्चीवर ठेवली.

सुलभाने कपाळाला हात लावला. "हे काय करून राहिलीस? त्यापेक्षा नाव-पत्ता लिहून ठेव ना!"

"भावाच्या घरातून काही उचलायचं नसतं," अनसूया म्हणाली. "आधी नातं परत. मग मशीन."

तुम्हाला हा वेडेपणा वाटेल. सुलभालाही वाटला. पण मी सांगते, त्या दिवशी तिच्या हातून जे झालं त्यातलं सगळ्यात ताठ मानेचं काम ते होतं.

टावर चौकात आणखी गंमत. गाव सवारीला गेलं असलं तरी खाणारे कुठे जातात! "भुट्टे कैसे दिए?" एकाने विचारलं. रेशमबाईने घाबरून निम्मा भाव सांगितला. झालं! पाच मिनिटांत ठेल्याभोवती गर्दी. ढीग उतरायला लागला, खालचं पोतं दिसायला लागलं, आणि तेवढ्यात एक हवालदारही हात पुसत आला. माझ्या अंगावर फक्त चार कणसं उरली होती. अनसूया पुढे झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ए बाई, भाव चुकीचा सांगून राहिलीस! डबल आहे!" गर्दी शिव्या घालत पांगली. हवालदाराने एक कणीस फुकट उचललं आणि निघून गेला. तो मला ओलांडून गेला, मला!

संध्याकाळपर्यंत आठ घरांची दारं वाजली. दार उघडणारीच्या हातात तिची मशीन. एक बाई मशीन पोटाशी धरून उंबऱ्यातच बसली. तिघींनी सगळीकडे एकच सांगितलं: पलंगाखाली घाल आणि विचारू नकोस.

मला मात्र अनसूयाने पलंगाखाली घातलं नाही. शेजारून मागून आणलेल्या लोखंडी पायावर चढवलं, दाराशी ठेवलं आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी चालवायला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी पोलीस आले तेव्हा ती बाही जोडत होती. "मशीन छुपाई भी नहीं?" फौजदाराने विचारलं. "अपनी चीज कौन छुपाता है?" तिने बाही पुरी केली, दोरा तोडला, आणि मग उठली.

ठाण्यात माझ्या गळ्यात ही चिठ्ठी बांधली गेली. भय्यासाहेब आले. आवाज अगदी मऊ.

"अनसूया, बाकीच्या दहा कुठे आहेत तेवढं सांग. सोबत कोण होतं सांग. मी तक्रार मागे घेतो. बहिणीला कोर्टात उभं करायचं मला बरं वाटेल का?"

"बहीण म्हणू नका," अनसूया म्हणाली. "साडी परत केलीय मी."

"विष्णू तीन बायका होत्या म्हणतो."

"घाबरलेल्या माणसाला एकीच्या तीन दिसतात."

ती जामिनावर सुटली. मी सुटले नाही. मालखान्यात, म्हणजे ठाण्याच्या मुद्देमालाच्या खोलीत, दहा महिने काढले मी, मोडक्या सायकली, देवळातल्या चोरलेल्या घंटा आणि एका हापशाच्या दांड्यासोबत. पावसाळ्यात माझ्या सुईच्या दांडीवर गंज चढला. सुलभा आणि रेशमबाई दोनदा अनसूयाकडे जाऊन म्हणाल्या, आम्ही येऊन कबूल करतो. तिने दोनदा त्यांना हाकललं. "तुमची पोरं लहान आहेत. एकीने निभतं तिथे तिघी कशाला?" शिक्षा झाली तर वर्ष-दोन वर्षं आत, आणि मी भय्यासाहेबांकडे, हे तिला वकिलाने स्पष्ट सांगितलं होतं. कागदासमोर तिचा शब्द होता, आणि शब्दावर सही-शिक्का नसतो.

कोर्टात मला टेबलावर ठेवलं. मॅजिस्ट्रेट म्हातारे, चष्मा नाकावर. त्यांनी कागद उजेडाकडे धरला. "ये लाल दाग किसका है?"

"कुंकू का है, साहब," अनसूया म्हणाली. "भाऊबीज का. भाई को तिलक लगाया, उसी हाथ से साइन की."

भय्यासाहेबांनी खाली बघितलं. पण कुंकवाने कागद खोटा ठरत नाही. त्यांच्या बाजूने यज्ञेश्वर साक्षीला उभा राहिला. मशीन संस्थेची का? हो. नंबर तुम्हीच घातला? हो. तो हे सगळं माझ्याकडे न बघता बोलत होता. मी मनातल्या मनात ओरडत होते, पाठ उघड, अरे, पाठ उघड! बापूंचं नाव माझ्या पाठीत आणि त्यांची मुलगी समोर चोर म्हणून उभी. आयुष्यात मला आवाज नसल्याचा इतका राग कधी आला नव्हता.

तेवढ्यात बाहेर गलका झाला. शिपाई "अरे, अरे" करत मागे सरकला. आणि आत आली रेशमबाई, डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर तिची मशीन. मागे सुलभा. तिच्या मागे एकेक करत आठ बायका. दहा हिरव्या मशीनी कोर्टाच्या फरशीवर ठेवल्या गेल्या.

"साहब," सुलभा म्हणाली, आणि या वेळी तिचे डोळे उघडे होते, "ताला तोड़ने में हम दोनों भी थीं. मशीनें ये रहीं. हमारी हैं. अब जो करना है, करो."

अनसूया ओरडली, "मना केलं होतं ना मी!"

"तेरे मना करने से कईं होए?" रेशमबाई म्हणाली.

भय्यासाहेब खुशीत उठले. "हुजूर, खुद कबूल कर रही हैं! पूरा माल मिल गया!"

यज्ञेश्वर अजून पिंजऱ्यातच होता. तो त्या दहा बायकांकडे बघत राहिला. त्यातल्या प्रत्येकीच्या हातचा चहा त्याने तीन वर्षं प्यायला होता. त्याने खिशात हात घातला. त्याचा स्क्रू-ड्रायव्हर बाहेर आला.

"हुजूर," तो म्हणाला, "मैंने आधा बोला. पूरा बोलने दो."

तो माझ्यापाशी आला. आवळलेला स्क्रू निघेना. त्याने दात खाऊन जोर लावला, आणि मीही लावला, विश्वास ठेवा न ठेवा. चकती निघाली. त्याने ती मॅजिस्ट्रेटसमोर धरली आणि मोठ्याने वाचली: "‘चि. अनसूया हिस, बापूंकडून. १९६८.’" मग नखाने माझा हिरवा रंग खरवडला. खालून काळा निघाला आणि त्यावर सोनेरी पान. बाकीच्या दहाही जणींना खरवडलं. सगळ्या काळ्या, सगळ्या जुन्या. कागदावरच्या अकरा नवीन मशीनी जगात कुठेच नव्हत्या.

कोर्टात काय गडबड झाली ती मला नीट आठवत नाही. मी अनसूयाकडे बघत होते. तीन महिने कुलूप होतं तेव्हा ती रडली नव्हती. ठाण्यात रडली नव्हती. तिने हात पुढे केला, "जरा बघू?" चकती हातात घेतली, टोचलेल्या अक्षरांवरून बोट फिरवलं आणि पदर तोंडात कोंबून हमसून हमसून रडली. एकोणतीस वर्षांनी बापूंनी तिला मला दुसऱ्यांदा दिलं होतं.

आणखी दोन तारखा पडल्या. चोरी ठरली नाही. आपलीच वस्तू कोण चोरतं? कुलूप तोडणं आणि विष्णूला कोंडणं मात्र ठरलं, जरी विष्णूने स्वतःहून सांगितलं की मला कणीस दिलं होतं, गरम होतं. तिघींना शिक्षा झाली: थोडा दंड, आणि कोर्ट उठेपर्यंत कैद. तिघी बाकावर बसल्या. सुलभाने पिशवीतून साडी काढली आणि फॉल लावायला घेतला. शिपाई म्हणाला, इथे शिवायचं नाही. रेशमबाई म्हणाली, कैदेत काम करावं लागतं असं ऐकलंय आम्ही.

भय्यासाहेबांवर त्या कर्जाचा खटला चालू आहे. चालूच आहे. गणेशोत्सवात पहिली खुर्ची अजून त्यांचीच असते. पण भाऊबीजेला त्यांच्या दारात आता कुणी निरांजन घेऊन जात नाही.

यज्ञेश्वरची नोकरी गेली. तो आता टावर चौकात फुटपाथवर बसून मशीनी दुरुस्त करतो. माझा हिरवा रंग त्यानेच उतरवला. अनसूयाने त्याला विचारलं, "तीन वर्षं गप्प का बसलात?" तो म्हणाला, "पोटासाठी, ताई." तिने चहा दिला. मग तो चाचरत म्हणाला, भाऊबीजेला येऊ का? ती म्हणाली, "मशीन दुरुस्त करायला या, पैसे घेऊन जा. भाऊ नको." मला त्याचं जरा वाईट वाटलं. पण तिचं बरोबर होतं.

चकती तिने उलटी करून बसवून घेतली आहे, नाव बाहेर. अक्का बघती तर रागावली असती. टोचे दिसतात, आणि ते मला शोभतात.

मी आता जुनी झालेय. टाके कधी कधी सुटतात, चाक कुरकुरतं. यंदाच्या भाऊबीजेला अनसूयाने पुन्हा अंगणात पाट मांडला. सुलभा आणि रेशमबाईही आल्या होत्या. तिने चंद्राला ओवाळलं. तो काही देत नाही, पण सही मागत नाही. मग तबक घेऊन ती खिडकीशी आली आणि मला ओवाळलं. चिठ्ठीला कुंकू लागलं.

झालं माझं. आता ब्लाउजचं माप द्या, आणि जाताना एवढं घेऊन जा. ओवाळायचं त्याला खुशाल ओवाळा. पण निरांजन विझायच्या आत त्याने कागद पुढे केला, तर आधी बोटांचं कुंकू पुसा आणि वाचायला बसा. आणि वाचायचं राहून गेलंच, तर वरवंटा घरात असतोच.